डाग्नी मात्सेनचं टिचबटण

डाग्नीला जाऊन दीड वर्ष होत आलं, तरी माझ्या ग्रिलबारमध्ये येणारे काही जुने ड्रायव्हर तिचं नाव निघालं की कॉफीच्या कपात बघायला लागतात. कपात काय असतं? कॉफी. पण माणसाला नजर कुठेतरी ठेवावी लागते. मी मात्र तिचं नाव मुद्दाम काढते. बार माझा आहे, कॉफी माझी आहे, मी पाहिजे ते बोलेन.

आमचं गाव सीमेला चिकटून आहे. डेन्मार्कमधला मासा, लोणी, डुकराचं मांस, पवनचक्क्यांची पाती, सगळं आमच्या छातीवरून जर्मनीत उतरतं. गावात माणसं कमी आणि ट्रक जास्त. सकाळी खिडकी उघडली की आधी डिझेलचा वास येतो, मग गवताचा. इथे ज्याच्या घरात ट्रक ड्रायव्हर नाही, त्याच्या शेजारच्या घरात दोन असतात. डाग्नीचा नवरा ड्रायव्हर होता, तो हॅम्बुर्गच्या अलीकडे एका पार्किंगमध्ये बसल्या जागी हृदय बंद पडून गेला. मुलगा एस्किल मोठा झाला, तोही ड्रायव्हरच झाला. दुसरं काय होणार होता?

ती स्वतः शिवणकाम करायची. गावातला कपड्यांचा कारखाना पोलंडला गेला आणि तिची मशीनवरची जागा गेली. तेव्हा तिने घरच्या गॅरेजमध्ये ट्रकचे पडदे शिवायला घेतले. आमच्याकडच्या ड्रायव्हरांना केबिनचा भारी सोस. घरात बायको सांगेल तो रंग, पण केबिन म्हणजे स्वतःचं राज्य. समोरच्या काचेत नावाची पाटी, डॅशबोर्डवर मापात कापलेलं छोटं टेबल, त्यावर कॉफीचं भांडं, आणि काचेच्या कडेकडेने मखमलीचे पडदे, त्यांना सोनेरी गोंड्यांची झालर. ज्याची झालर दाट, तो मोठा. हे कुणी कधी ठरवलं, देव जाणे, पण ठरलेलं होतं.

डाग्नीच्या हाताला तोड नव्हती. उतरत्या पडद्याची चुणी ती अशी पाडायची की चर्चमधल्या जुन्या तसबिरींची आठवण यावी. नॉर्वेहून लोक यायचे, हॉलंडहून यायचे. ती प्रत्येकाला केबिनमध्ये बसवायची, मागे टेकायला लावायची, आणि मापं घेता घेता झाडायची.

"पोट आत घे, लाउस्त. तुझ्या पोटासाठी पडदा शिवायचा नाहीये मला."

"पोट नाहीये ते," लाउस्त माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "एब्बाचे मीटबॉल आहेत. तिला सांग."

"तिला सांगून काय उपयोग? ती तर तोलून विकते."

आम्ही हसायचो. लाउस्त म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, अंगाने दांडगा आणि मनाने कोकरू. डाग्नीच्या नवऱ्याचा दोस्त.

आता काचेसमोर काही टांगू नये, हा नियम होताच. नियम कोपनहेगनमध्ये होतो आणि आमच्याकडे पोचेपर्यंत थकतो, तसा तोही थकलेला होता. पण अधूनमधून पोलीस हायवेला थांबवायचे आणि उजवीकडच्या पडद्यावरून दंड ठोकायचे. ड्रायव्हर डावीकडे बसतो. सायकली आणि पायी चालणारे असतात उजवीकडे, लांबच्या खिडकीखाली. तिथेच पडदा सगळ्यात खाली उतरायचा, कारण तिथेच तो सगळ्यात सुंदर दिसायचा. वार्षिक पासिंगला तर सगळं उतरवून ठेवावं लागायचं आणि परत चढवताना गोंडे तुटायचे. ड्रायव्हर तिच्याकडे येऊन रडगाणं गायचे.

मग डाग्नीने डोकं चालवलं. एस्किलच्या नव्या ट्रकला तिने पहिल्यांदा केलं ते. उजवीकडच्या पडद्यातून तिने एक बारीक दोरी ओवली, ती छताच्या कडेने ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत आणली, दोरीच्या टोकाला टिचबटणाची एक बाजू लावली आणि दुसरी बाजू छताच्या कापडाला. दोरी ओढली की पडदा घडी पडत वर जातो. टक् करून बटण लावलं की काच मोकळी. पोलीस पुढे गेला की बटण सोडायचं, पडदा आपला खाली. एक हात पुरे, नजर रस्त्यावरून हलायला नको.

एस्किलने ते माझ्या पार्किंगमध्ये सगळ्यांना करून दाखवलं. टक् वर, टक् खाली. ड्रायव्हर अशा खुशीत आले जसं काही कुणी चाकाचा शोध लावलाय. महिन्याभरात अर्ध्या गावाच्या ट्रकना ती दोरी लागली. पासिंगच्या हॉलमध्ये ट्रक आत जायचे ते पडदे वर करून, बाहेर पडायचे आणि फाटकाशीच टक्. "पोलीस दिसला की डाग्नी वर, पोलीस गेला की डाग्नी खाली," असं म्हणून हे बाप्ये खिदळायचे. डाग्नी लाजायची, पण तिला आवडायचं. विधवा बाईचं नाव रोज पन्नास तोंडांत आणि तेही कौतुकाने, कुणाला आवडणार नाही?

सोल्वाय गेली ती नोव्हेंबरातल्या एका सकाळी.

सोल्वाय म्हणजे आंकर पोस्टमनची मुलगी, सहावीतली. आंकरची बायको ओडेन्सला दुसऱ्याच्या घरी गेलेली, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. आंकर वर्षानुवर्षं सायकलवरून टपाल वाटायचा. गावात सायकल कशी चालवावी हे कुणाला विचारायचं असेल तर त्याला विचारावं. मुलीला त्याने स्वतः शिकवलं होतं. सिग्नलला अगदी पुढे जाऊन थांबायचं, ट्रकच्या पोटाशी नाही, नाकाच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरला खिडकीतून दिसतेस. एक पाय खाली टेकायचा. हिरवा झाला तरी आधी बघायचं. ती तशीच करायची. मी माझ्या खिडकीतून किती वेळा बघितलंय, पाठीवर निळी बॅग, एक पाय टेकून शहाण्यासारखी उभी.

त्या सकाळी अंधार होता, पाऊस होता. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एस्किलचा ट्रक उजवीकडे वळायला उभा होता, सोल्वाय सरळ शाळेकडे जाणार होती. हिरवा झाला. एस्किल वळला. चौकात आणखी कुणी नव्हतं.

मी सांगते तेवढंच पुरे. बाकीचं मी सांगणार नाही.

पुढचं मला डाग्नीने सांगितलं, पण खूप नंतर. त्या दुपारी पोलिसांनी जबाब घेऊन एस्किलला सोडलं, तो सरळ आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. अंगात तेच ओलं जाकीट. तिने कॉफी ठेवली, त्याने हात लावला नाही.

"मला दिसलीच नाही ग आई," तो म्हणाला. "मी आरशात बघितलं, खिडकीत बघितलं. काहीच नव्हतं तिथे."

"पडदा?" डाग्नीने विचारलं.

त्याने कप बाजूला सरकवला.

"एस्किल, पडदा खाली होता?"

"वर केला मी."

"कधी वर केलास?"

"थांबलो तेव्हा. काहीतरी झालंय हे कळलं, ब्रेक मारला आणि..." त्याने स्वतःचा हात वर नेला, डोक्याजवळ, आणि दोन बोटं जुळवली. "मला माहीतच नाही मी का केलं. हात आपोआप गेला."

"खाली उतरायच्या आधी?"

तो टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. डाग्नीला उत्तर मिळालं. तिच्या मुलाने आधी पडदा वर केला होता आणि मग खाली उतरून मुलीकडे गेला होता. त्या दोन क्षणांनी सोल्वाय वाचली नसती, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तरीही.

"मी तुझ्या हाताला हे शिकवलं," डाग्नी त्याला म्हणाली. तो म्हणाला, "आई, आता हे कुणाला बोलू नकोस. ती काही परत येणार नाही."

ती बोलली नाही. आई होती. आमच्याकडे कायद्यानेही आईला मुलाविरुद्ध तोंड उघडायची सक्ती नाही, वकिलाने तिला ते नीट समजावून सांगितलं. पोलिसांच्या फोटोंत काच स्वच्छ मोकळी होती. वकील म्हणाला, दंड होईल, काही दिवस लायसन्स जाईल, आणि हे संपेल.

पण हे असं संपत नसतं. फोटोंत काच मोकळी होती ना? मग तज्ज्ञ लोकांनी गणित मांडलं. काच मोकळी असताना मुलगी जर पुढे, तिच्या नेहमीच्या जागी उभी असती, तर ड्रायव्हरला तिचं हेल्मेट दिसायलाच हवं होतं. दिसलं नाही, म्हणजे ती तिथे नव्हतीच. म्हणजे ती मागून जोरात आली, थांबली नाही, हिरवा बघून घुसली. असं कागदावर आलं, आणि कागदावरून गावात पसरायला किती वेळ लागतो? बेकरीत, चर्चच्या दारात, माझ्या बारमध्येसुद्धा लोक मान हलवायला लागले. बिचारी पोर, पण आजकालची मुलं घाईच फार करतात.

आंकरने सायकलवर बसणं सोडलं. टपाल वाटायचा, पण सायकल हातात धरून, ढकलत. पावसात, वाऱ्यात, सगळा रस्ता पायी. टपाल दुपारी उशिरा मिळायला लागलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

एकदा तो माझ्याकडे आला. भिजलेला होता. मी त्याला बळेच बसवलं, वाटाण्याचं गरम सूप पुढ्यात ठेवलं. कोपऱ्यात डाग्नी बसली होती, पण तिच्याकडे त्याची पाठ होती, त्याने तिला बघितलं नाही.

"एब्बा," तो म्हणाला, "त्या दिवशी तिला खेळाचे बूट सापडत नव्हते. मी ओरडलो. आवर, रोजचंच आहे तुझं, उशीर होईल. असं म्हणालो."

"सगळेच आईबाप ओरडतात, आंकर."

"ती थांबायची ग नेहमी. मी शिकवलं होतं. त्या दिवशी नाही थांबली, कारण मी घाई केली. शेवटचं काय बोललो तिच्याशी, तर उशीर होईल."

तो रडला नाही. सूप प्यायला, पैसे ठेवले, सायकल घेऊन ढकलत गेला. मी कोपऱ्यात बघितलं तर डाग्नी पुतळ्यासारखी बसली होती. मी विचारलं, "काय ग, बरं नाही का?" ती म्हणाली, "नाही." आणि उठून गेली. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, एस्किलची काळजी.

घरी जाऊन तिने एस्किलला बोलावलं आणि सांगितलं, तू जाऊन खरं सांग. तो म्हणाला, तुरुंगात जाईन मी. ती म्हणाली, हो. तो म्हणाला, लायसन्स कायमचं जाईल, मला दुसरं काही येत नाही. ती म्हणाली, माहीत आहे मला. मग तो ओरडला, "तू कुणाची आई आहेस? माझी की तिची?" या प्रश्नावर डाग्नी गप्प झाली आणि हिवाळाभर गप्प राहिली. त्या हिवाळ्यात तिने शिवलेले दोन पडदे मी बघितले. चुण्या वाकड्या होत्या.

फेब्रुवारीत गावच्या सभागृहात सभा भरली. ट्रक-बसच्या सुरक्षिततेचे नवे नियम यायचे होते आणि कोपनहेगनहून रस्ता-सुरक्षेचा एक माणूस लोकांचं म्हणणं ऐकायला आला होता. काचेच्या कडेला काहीही नको, टेबल नको, पाटी नको. पासिंगला नुसतं बघायचं नाही, ओढून, सोडून बघायचं. शिवाय उजवीकडे कॅमेरा. सभागृह खच्चून भरलं होतं. ड्रायव्हर मागे भिंतीला टेकून उभे, एस्किल त्यांच्यातच. आंकर पहिल्या रांगेत कडेला, कोट न काढता.

विलाद्स वाहतूकवाला उठला. त्याच्या तीस-चाळीस गाड्या, आवाजही तेवढाच मोठा. तो म्हणाला, "तुम्ही तिकडे राजधानीत बसून आमच्या पोरांच्या केबिनमध्ये हात घालता. माणूस आठवडा आठवडा त्या डब्यात राहतो, त्याचं घर आहे ते. आणि मला सांगा, पडद्याने कधी कुणाचा जीव गेलाय? आमच्याच गावात एवढी वाईट गोष्ट झाली. पोलिसांचे फोटो आहेत, पडदा वर होता. काच मोकळी होती. मग दोष पडद्याचा कसा? वाईट वाटतं बोलायला, पण मुलांना थांबायला शिकवा. नियम तिकडे करा."

मागून टाळ्या पडल्या. सगळ्यांनी नाही वाजवल्या, पण पडल्या.

आंकर उठला. तो बोलणारा माणूसच नव्हे. टोपी हातात फिरवत म्हणाला, "विलाद्स म्हणतो ते बरोबर आहे. मी तिला शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी घाई केली. एवढंच मला सांगायचं होतं, म्हणजे एस्किलला कुणी बोलू नये. चूक माझ्या घरातून निघाली."

आणि मग माझ्या शेजारची खुर्ची सरकली. डाग्नी उभी राहिली.

"खाली बस, आंकर," ती म्हणाली. "चूक माझ्या घरातून निघाली. पडदा खाली होता."

मागून एस्किल म्हणाला, "आई."

ती वळली नाही. "पडदा खाली होता. एस्किलने नंतर वर केला. दोरी मी लावली आहे, बटण मी लावलंय, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्यांत मीच लावलंय, म्हणून मला माहीत आहे. पडदा खाली असला की त्या कोपऱ्यात काही दिसत नाही. तुझी मुलगी तिथेच होती, आंकर. जिथे तू शिकवलंस तिथेच. ती थांबली होती. तिला माझ्या झालरीने झाकलं."

आंकर बसला नाही. त्याने फक्त विचारलं, "पाय टेकून?"

"ते मला माहीत नाही," डाग्नी म्हणाली. "पण मागून नाही आली. थांबली होती ती."

एस्किल दार आपटून निघून गेला. त्याच्यामागून चार-पाच जण गेले. कोपनहेगनचा माणूस लिहायचा थांबला होता. मी डाग्नीचा कोट धरून तिला खाली बसवलं.

एस्किलला काही महिन्यांची कैद झाली आणि गाडी चालवायची कायमची बंदी. कोर्टात त्याने सगळं कबूल केलं, नाकारलं नाही काही; एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. वाईट मुलगा नव्हता तो. घाबरलेला होता. निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर डाग्नी त्याच्याजवळ गेली. मी दोन पावलांवर होते, मी ऐकलं. तो म्हणाला, "तू माझी आई होतीस." तेवढंच बोलला आणि वकिलाबरोबर गाडीत बसला.

आंकर त्यानंतर एकदाच डाग्नीच्या घरी गेला. तिला म्हणाला, तसला एक पडदा दाखव. तिने गॅरेजमधून आणला. त्याने तो दोन्ही हातांनी खिडकीशी धरला, मागे उभा राहून तिच्या बागेकडे बघायला लागला. बराच वेळ बघत होता. मग पडदा टेबलावर ठेवून म्हणाला, "म्हणजे थांबली होती ती."

"हो."

"हे तू शिवलंस."

"हो, मीच शिवलं."

तो निघून गेला. हात मिळवला नाही, आभार मानले नाहीत. का मानावेत? डाग्नीलाही तसली अपेक्षा नव्हती. पण पुढच्या आठवड्यात टपाल सकाळी आलं. आंकर सायकलवर बसला होता.

डाग्नीला ड्रायव्हरांनी वाळीत टाकलं. कुणी खिडकी फोडली नाही, कुणी शिवी दिली नाही. आमची माणसं तशी सभ्य. फक्त गॅरेजसमोर ट्रक थांबायचे बंद झाले. माझ्या बारमध्ये ती आली की टेबलं रिकामी व्हायची. विलाद्स मला म्हणाला, "एब्बा, तू त्या बाईला कॉफी देत राहिलीस तर पोरं पुढच्या पंपावर जातील." मी म्हटलं, "जाऊ देत. तिथले मीटबॉल खाऊन चार दिवसांत परत येतील." आले की नाही? आले.

नियम आला, उशिरा आला, जसा येतो तसा. आणि नियम आल्यावरही अर्ध्या गाड्यांत दोऱ्या तशाच होत्या. मग डाग्नी स्वतः निघाली. शिवण उसवायचं हत्यार पिशवीत टाकून ती माझ्या पार्किंगमध्ये उभ्या ट्रकच्या दारावर टकटक करायची. "मी डाग्नी. तुझं बटण काढून देते. पैसे नकोत." काही जण काच वर करून घ्यायचे. एक दांडगट तर म्हणाला, "म्हातारे, एकाला आत पाठवलंस तेवढं पुरे नाही का?" ती म्हणाली, "नाही, पुरे नाही," आणि पुढच्या ट्रककडे गेली. पहिल्यांदा दार उघडलं ते लाउस्तने. तिला हात देऊन वर घेतलं. त्याच्या केबिनमधला तो जुना गर्द लाल पडदा ती टाका टाका उसवत बसली. तिचा सगळ्यात देखणा पडदा होता तो. लाउस्त खाली माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला बघवत नाही, एब्बा." मलाही बघवत नव्हतं. एखाद्या बाईने जन्मभराचं हातचं काम असं स्वतःच्या हाताने फाडत बसावं, आणि त्यालाच उरलेलं आयुष्य म्हणावं.

एका मागून एक गाड्या मोकळ्या झाल्या. किती, ते तिने मोजलं नाही आणि मीही नाही. अजूनही कधी एखादा परगावचा ट्रक दिसतो दोरीवाला.

एस्किल सुटला आणि दूर एस्ब्यर्गला एका गोदामात कामाला लागला. ती दर रविवारी फोन करायची, तो उचलायचा नाही. नाताळात ती राय धान्याच्या काळ्या पावाचा केक करून पाठवायची, त्याला लहानपणापासून आवडायचा तो. डबा परत यायचा नाही, आणि ती त्यातच समाधान मानायची. "खात असेल," म्हणायची. मी म्हणायचे, "खात असेल." दुसरं काय म्हणणार होते मी? कधी वाटायचं, एस्ब्यर्गला जाऊन त्याचा कान धरून आणावा. मग वाटायचं, त्याचंही काय उरलंय?

पोटातल्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत तिचं बोलणं एकाच गोष्टीवर यायचं.

"एब्बा, तो येईल का ग?"

"कळवलंय त्याला."

"मी चूक केली असं वाटतं तुला?"

"नाही."

"मलाही नाही वाटत," ती म्हणाली. "पण तो माझा मुलगा आहे ग." आणि भिंतीकडे तोंड करून रडली. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज न करता.

तो आला नाही. तो यायच्या आत ती गेली, असं लोक म्हणतात. मी म्हणते, तिने बरीच वाट बघितली होती.

आमच्याकडे शवपेटी सहा जण उचलतात, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. पेटीची डोक्याकडची उजवी मूठ मुलाची. चर्चमध्ये फार माणसं नव्हती. मी होते, लाउस्त होता, तिच्या शिवणमंडळातल्या दोन बायका, शेजारचा एक जण. पाच. डोक्याकडची उजवी मूठ मोकळी. पाद्रीणबाईंनी शेवटचं गीत मुद्दाम हळू म्हणून घेतलं असं मला वाटलं. आम्ही आपापल्या मुठीपाशी उभे राहिलो आणि दाराकडे बघत राहिलो. दार उघडंच होतं. तिथून चर्चच्या आवाराची दगडी भिंत दिसते, आणि भिंतीपलीकडे रस्त्यावर एस्किल उभा होता. काळा कोट घातलेला. आला होता तर. पण आत येत नव्हता.

लाउस्तने हाताने खूण केली. तो हलला नाही.

पाद्रीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. पाच जणांत पेटी उचलता आली असती, नाही असं नाही. चर्चचा माळी होता, त्याला बोलावता आलं असतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठून आलं. तो तिथे बसलाय हे मी बघितलंसुद्धा नव्हतं. आंकर. टपालाचं लाल जाकीट नव्हतं, तो सूट होता जो त्याने सोल्वायला पुरलं त्या दिवशी घातला होता. त्याने कुणाकडे बघितलं नाही. डोक्याकडची उजवी मूठ त्याने धरली.

आम्ही डाग्नीला उचललं आणि बाहेर आणलं. पायरीवर आलो तेव्हा एस्किलने आम्हाला बघितलं. आपल्या जागेवर कोण आहे ते बघितलं. त्याने टोपी काढली. मला वाटलं, आता येईल. आंकरलाही तसंच वाटलं असणार, कारण तो पायरीवरच थांबला, आणि तो थांबला म्हणून आम्ही सगळे थांबलो. डाग्नी आमच्या हातांवर होती आणि जड होती. लाउस्तच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आंकर मूठ धरून, मान भिंतीकडे वळवून, वाट बघत उभा होता. आम्ही खूप वेळ तसे उभे होतो.

एस्किल आला नाही. मग आंकर म्हणाला, "चला," आणि आम्ही तिला घेऊन गेलो.